जमिनीवरून लिहिलेलं पत्र

१

"धाकट्या बाई, हे वाचा. मोठ्यानं वाचा. मी यात काय लिहिलंय ते मला कळू दे."

शिवणवाली जिना चढून आली तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी लटकत होती आणि एकाच पायात चप्पल होती. हातातला कागद तिनं अंगापासून लांब धरला होता, चटका बसेल असा.

अर्जघरात ती दुपारची पेंगुळलेली वेळ होती. खालच्या मजल्यावर पडदे शिवले जात आणि कापडाची बारीक लव जिन्यातून वर तरंगत येई. खिडकीतल्या उन्हात ती इतक्या सावकाश फिरे, की सगळी कचेरी पाण्याखाली आहे असं वाटावं. मांडीवरचं बाळ त्या लवेकडे बघत मुठी उघडत-मिटत होतं. बाळाला सगळे पिटुकला म्हणत, आणि त्याच्या आईला धाकटी. अर्जघरात लेखनिक दोनच, म्हातारे तात्या आणि ही, म्हणून ही धाकटी. गावातल्या कचेऱ्यांची भाषा इंग्रजी आणि माणसांची निराळी. एकीकडचं गाऱ्हाणं दुसरीकडे नेऊन पोचवायचं काम हे दोघं करत.

"तुम्ही लिहिलंय आणि तुम्हालाच माहीत नाही?"

"अहो, इंग्रजीत मला माझी सही येते, एवढंच! खाली खात्याच्या बाई आल्यात. म्हणतात, तुमचं पत्र मिळालं, मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, शाळेत आहे. तर म्हणतात, तिची बॅग भरा."

धाकटीनं कागद उलगडला. सुटी सुटी अक्षरं, फॉर्म भरावा तशी. एकेक ओळ वाचत ती आपल्या भाषेत सांगत गेली.

'माझ्या हातात दिवसभर सुई असते. संध्याकाळी मला दोरा दिसत नाही, मी तो अंदाजानं ओवते. मला खोकला येतो. खोकला आला की मी मशीन जोरात चालवते, म्हणजे कोणाला ऐकू जात नाही. मी खुर्चीतच झोपते. झोपेतही माझी बोटं कापड पुढे सरकवत राहतात. मी दोन माणसांचं काम करते, कारण आम्ही दोघी आहोत. मुलीला घेऊन जा. मग मी झोपेन.'

खाली सही.

धाकटीला खालच्या मशीनचा आवाज आठवला. तो मधूनच अंगात आल्यासारखा वाढायचा, आणि वर बसून ती म्हणायची, चला, बाईंना काम भरपूर मिळालेलं दिसतंय.

"कुठला खोकला?" शिवणवाली म्हणाली. "मला काही खोकला-बिकला नाही." आणि तोंडावर पदर धरून खोकली.

एवढ्यात दारात पावलं वाजली. बालकल्याण खात्याच्या बाई, फाइल काखेत, जिन्यानं दमलेल्या. "शेवटची ओळ वाचलीत ना? मग मी धावत का आले ते कळलं असेल. आई 'मग मी झोपेन' असं लिहिते, तेव्हा आम्ही अंगाई समजून बसत नाही."

शिवणवालीला ते समजायला क्षणभर लागलं. मग ती भिंतीला टेकली. "अगं बाई! मी जीव देईन? पोरीच्या शाळेचा गणवेश अजून अर्धा शिवायचाय माझा."

"सही तुमची आहे?"

"दिसते माझ्यासारखीच. पण मी केलेली नाही."

खात्याच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर झोपेची थकबाकी होती. त्या म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत थांबते. पत्र तुमचं नसेल तर कोणाचं ते मला सांगा. नाव मिळालं नाही तर मुलीला माझ्याबरोबर यावं लागेल. असा कागद माझ्याच्यानं परत कपाटात ठेववणार नाही."

त्या गेल्या. त्यांच्या मागोमाग, भिंतीला धरत, शिवणवालीही. पत्र मात्र तपासासाठी धाकटीकडे राहिलं. तिनं ते खिडकीशी धरलं आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितलं.

शेवटची ओळ ऐसपैस होती. तिच्या वरच्या ओळी मात्र खाली येता येता दाटत गेल्या होत्या, एकमेकींना खेटून, अंग चोरून. म्हणजे खालची ओळ आधी लिहिली होती आणि बाकीचं पत्र मागून तिच्यापर्यंत आणलं होतं.

जगात कोणी असं पत्र लिहीत नाही. या खोलीत लिहितात.

२

"माझ्याकडे अशी काय बघतेस?" तात्या म्हणाले. "मी नाही लिहिलं. आणि तूही नाही, कारण तुला गेले सहा महिने सलग तीन ओळी लिहायला पिटुकल्यानं दिलेल्या नाहीत."

शेवटची ओळ आधी, ही तात्यांची शिस्त. अर्ज लिहून घ्यायला माणूस आला की ते त्याला पाणी देत आणि विचारत, कागदावर एकच वाक्य मावणार असेल तर कुठलं लिहाल? माणूस बराच वेळ इकडचं तिकडचं सांगे आणि मग ते एक वाक्य बोले. तात्या ते कागदाच्या तळाशी लिहून टाकत आणि मग वरून लिहायला लागत. मुक्काम दिसत असला की वाट चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"नवशिक्याचा हात आहे," त्यांनी पत्र भिंगाखाली धरलं. "जागेचा अंदाज आलेला नाही. सांगायचं फार होतं आणि कागद संपत आला. पण अगं, भाषा बघ. भाषेवरून तुला काय दिसतं?"

धाकटीनं पत्र पुन्हा डोळ्यांखालून घातलं. तिला नोकरीच्या पहिल्या दिवसांतली शिकवणी आठवली. तात्या खुर्चीत बसून म्हणायचे, "हे 'आय वुड बी ग्रेटफुल'. माणूस आरामात बसलाय, नाही म्हणालात तर चहा पिऊन घरी जाईल." मग उठून उभे राहायचे. "हे 'अर्जंटली'. आता त्याला बसवत नाही." मग गुडघ्यांची कुरकुर ऐकत खाली टेकायचे. "हे 'आय बेग', 'आय इम्प्लोअर'. हात जोडले. पण लक्षात ठेव, हात जोडायला अंगात बळ लागतं." आणि मग ते सरळ फरशीवर आडवे व्हायचे, एवढे वयस्कर गृहस्थ, आणि छताकडे बघत म्हणायचे, "इथून कोणी विशेषणं वापरत नाही पोरी. इथून माणूस फक्त काय आहे ते सांगतो. 'डेस्परेट' हा शब्द ज्याला सुचतो तो अजून इथे पोचलेला नसतो."

बाकावरची गिऱ्हाइकं हसायची. तिथेच रोज शाळेतून आल्यावर शिवणवालीची मुलगी, बिट्टी, गृहपाठ करत बसायची, कारण खाली कापडाच्या ढिगात पाय ठेवायला जागा नव्हती. तीसुद्धा हसायची. आजही ती येऊन बसली होती. आईनं तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

"हे पत्र जमिनीवरून लिहिलंय," धाकटी हळूच म्हणाली.

"बरोबर. 'प्लीज'सुद्धा नाही त्यात. खोटं पत्र लिहिणारा नेहमी ओरडतो. हे ओरडत नाही." तात्यांनी भिंग खाली ठेवलं. "आता बोल. लिहिणारीची सही खोटी आणि लिहिणारीचं दुःख खरं. असं कसं झालं?"

"आपली पद्धत आणखी कोणाला माहीत आहे?"

तात्यांनी बाकाकडे हनुवटी केली. "त्यावर बसून जो आपल्याकडे बघत राहील त्याला. मागच्या हिवाळ्यात दुकानाच्या परवान्यासाठी एक गृहस्थ रोज येऊन बसत होते, आठवतात?"

आठवत होते. किल्ल्या बनवणारे. शिवणवालीचे सख्खे दीर. आणि शिवणवालीच्या खोलीवर त्यांचा डोळा होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

३

दिराचं दुकान समोरच्याच बोळात, दवाखान्याच्या पुढ्यात होतं. छतापासून लोंबणाऱ्या शेकडो कोऱ्या किल्ल्या वाऱ्यानं किणकिणत. पिटुकला त्या आवाजानं इतका हरखला की धाकटीला प्रश्न विचारायच्या आधी तिथेच थोडं डोलावं लागलं.

"या, या. बाळाला किल्ली हवी का? कुठल्या दाराची देऊ?" दीर खुशीत होते.

"काका, वहिनींचं पत्र गेलंय खात्याला. ऐकलं असेल."

"ऐकलं. बरंच झालं म्हणा. पोरीला वेळेवर जेवण मिळेल, शिक्षण मिळेल. वहिनींना काय, एवढीशी जागा पुरते. माझ्याकडे त्या आल्या तर आमच्या हिला सोबत. आणि त्यांची आत्ताची खोली रस्त्याला लागून आहे. किल्ल्यांच्या धंद्याला रस्ता लागतो."

इतकं उघडं बोलणारा माणूस काही लपवत असेल का, असं धाकटीला वाटलं, आणि लगेच वाटलं की उघडं बोलणं हीसुद्धा लपवायची एक तऱ्हा असते.

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

दिरांची कानस थांबली. किल्ल्या तेवढ्या किणकिणत राहिल्या. मग ते खो खो हसले. "मी? अहो धाकट्या बाई, मी लिहिलं असतं तर त्यात खोलीचा उल्लेख नसता का केला? पानभर केला असता! परवान्याच्या अर्जात मी तात्यांकडून तीनदा 'बेग' घालून घेतलं होतं. ते नको नको म्हणत होते. मी म्हटलं, पैसे मी देतोय, आणखी एक घाला."

ते खरं होतं. तो अर्ज धाकटीनंच पक्का केला होता. असा गडगडाट तिनं पुन्हा कधी लिहिला नव्हता. या माणसाला जमिनीवरची भाषा सात जन्मांत साधली नसती.

"आणि वहिनी खोकते हे मला कुठे माहीत?" दीर अचानक हळू आवाजात म्हणाले. "खोकते का ती? माझ्यासमोर तर कधी नाही. खोलीत गेलो की मशीन एवढं धडधडत असतं, बोललेलंसुद्धा ऐकू येत नाही."

धाकटी परत निघाली. एक दार बंद झालं होतं. पण त्यांच्या शेवटच्या वाक्यानं तिच्या मनात दुसरं कुठलं तरी किलकिलं केलं. मशीनच्या धडधडीआड खोकला असतो, हे दिराला माहीत नव्हतं, वर बसणाऱ्या तिलाही माहीत नव्हतं. मग कोणाला होतं?

शिवणवालीला स्वतःला, अर्थात. म्हणजे पत्र तिनंच कोणाकडून तरी लिहून घेतलं आणि आता ती खोटं बोलत होती?

४

बुधवारी अर्जघर रिकामं होतं. तात्या पलीकडच्या खोलीत डुलकी काढत होते. बिट्टी बाकावर गृहपाठाला बसली होती. धाकटीनं पिटुकल्याला झोळीत घातलं आणि काम पुढ्यात ओढलं, पण नजर पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जात होती. ती नेहमीच जायची. आई झाल्यापासून जगाचं निम्मं बघणं तिनं या एका चेहऱ्यावर खर्च केलं होतं.

तो झोपेत ओठ हलवत होता. दूध पीत होता स्वप्नात. हनुवटी हलत होती, गालाला खळी पडत होती आणि नाहीशी होत होती. उद्या मोठा होईल, मिशा फुटतील, आपण झोपेत असे दिसायचो हे याला कधीही कळणार नाही, तिच्या मनात आलं. कसं कळणार? झोपलेल्याला स्वतःची झोप दिसत नाही. ती फक्त जवळ जागं असलेल्याला दिसते.

तिचा हात झोळीच्या दोरीवर थांबला.

'झोपेतही माझी बोटं कापड पुढे सरकवत राहतात.'

हे शिवणवालीला माहीत असणं शक्यच नव्हतं.

धाकटीनं पत्र पुन्हा काढलं आणि या वेळी त्यात काय नाही ते वाचलं. मुलीला सोडून देणारी आई काय लिहील? ती काय खाते, अंधाराला भिते का, तिच्या कानाला गार वारा लागू देऊ नका. पिटुकल्याला कोणाच्या ओटीत घालायची वेळ आली असती तर धाकटीनं दहा पानं नुसती त्याच्या सवयींनी भरली असती. इथे 'घेऊन जा' सोडलं तर मुलीबद्दल अक्षर नव्हतं. डोळे आईचे, हात आईचे, झोप आईची. हे आईनं मुलीबद्दल लिहिलेलं पत्र नव्हतंच. आईकडे टक लावून बघत बसलेल्या कुणाचं तरी होतं.

खोलीत उन्हात लव तरंगत होती. धाकटीनं मान वळवली. बाकावर बिट्टी वहीवर वाकली होती. पेन्सिल हलत नव्हती.

"बिट्टे."

"गणित चाललंय माझं."

"इकडे ये बरं. झोळी जरा हलव, माझा हात भरून आलाय."

बिट्टी आली, दोरी धरली. झोळी सावकाश हलायला लागली.

"मावशी, ते हॉस्टेल चांगलं असतं का गं?" बिट्टीनं विचारलं. "तुमच्या भिंतीवर खात्याचा कागद लावलाय, त्यात लिहिलंय. जेवण, कपडे, सगळं ते देतात."

"तुला जायचंय?"

बिट्टीनं इतक्या जोरात मान हलवली की दोरीसुद्धा हलली. "नाही. पण मी गेले की आईला एकटीपुरतंच शिवावं लागेल ना? मग ती पलंगावर झोपेल." तिचा आवाज बारीक होत गेला. "मी खरं खरं तेच लिहिलं. तात्या आजोबा म्हणतात तसं. काहीच मागे-पुढे लावलं नाही. सही मी शाळेच्या डायरीवर रोजच करते, आईला वेळ नसतो. मला काय माहीत, त्या बाई इतक्या घाबरतील? तुमचं बोलणं बाकावरून ऐकलं मी. झोपेन म्हणजे झोपेन!"

धाकटीनं तिला जवळ ओढलं. मुलीच्या केसांना नव्या कापडाचा वास येत होता.

"मावशी, आईला नको सांगू. तिला वाटेल, मला ती नकोय."

सांगितलं नाही तर उद्या मुलगी जाणार. सांगितलं तर आईच्या काळजाला हे लागणार. धाकटीनं त्या केसांवरून हात फिरवला.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "पण उद्या मी बोलत असताना तू तिथून उठून जायचं नाहीस."

५

गुरुवारी पडद्यांच्या ढिगांमध्ये जेमतेम माणसं मावली. खात्याच्या बाईंना एकमेव खुर्ची मिळाली. तात्या गाठोड्यावर बसले. दीर दाराशी उभे राहून खोली नजरेनं मोजत होते. शिवणवालीनं मुलीचा हात असा धरला होता की दोघींची बोटं पांढरी पडली होती.

"नाव?" खात्याच्या बाईंनी विचारलं.

"आधी रीत सांगते," धाकटी म्हणाली. "शेवटची ओळ आधी लिहिलेली आहे. म्हणजे लिहिणाऱ्यानं अर्जघरात बसून आमचं काम बघितलंय. यात कुठे गयावया नाही, म्हणजे लिहिणाऱ्याला खरंच दुसरी वाट दिसत नव्हती. मतलबी माणूस असं लिहीत नाही."

"तरी मी म्हणत होतो," दीर म्हणाले.

"काका, तुमचं नाव कोणी घेतलेलं नाही."

"घेतलं होतंत की मंगळवारी!"

तात्या खाकरले. धाकटी पुढे म्हणाली, "यात एक गोष्ट अशी आहे जी शिवणाऱ्या ताईंना ठाऊकच असू शकत नाही. ताई, झोपेत तुमची बोटं चालतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माझी बोटं?" शिवणवालीनं आपल्या हाताकडे पाहिलं. "छे! झोपेत कशी... मला कसं दिसणार ते?"

"तुम्हाला नाही दिसणार. तुमच्याजवळ जो जागा असतो त्याला दिसेल."

धाकटी तिथेच थांबली. उन्हाचा पट्टा एका अर्धवट पडद्यावरून सरकत होता. शिवणवालीच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू उजाडत गेलं. तिनं खाली, आपल्या हातातल्या छोट्या हाताकडे पाहिलं.

"तू झोपत नाहीस?" तिनं विचारलं.

बिट्टीचा हुंदका फुटला. "तू खोकतेस. मग मला झोप लागत नाही. मग मी बघत बसते."

"आणि तू मला सोडून जायला निघालीस होय गं?"

"तुला झोप मिळावी म्हणून!"

दीर छताकडे बघायला लागले. खात्याच्या बाईंनी फाइल उघडली, पेन हातात घेतलं आणि तशाच थांबल्या. "पत्र मुलीनं लिहिलं, हे मिटलं. पण मी आता कळवू काय? घरात एवढं लहान मूल जागून आईवर पहारा ठेवतंय, हे मी वाचलंय. वाचलं नाही असं म्हणता येणार नाही मला."

शिवणवाली उठून उभी राहिली. पडद्यांच्या ढिगात ती एखाद्या खांबासारखी ताठ दिसत होती.

"पत्र माझं नाही, बाई. पण त्यातलं एक वाक्य सोडून सगळं खरं आहे. ते शेवटचं खोटं आहे. पोरगी गेली तर मी कसली झोपणार? बाकी डोळे, खोकला, सगळं खरं. मी कोणाला सांगितलं नाही, आणि तिनं जगाला सांगितलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही असं लिहा, की या घरात एक आजारी बाई आहे आणि तिच्याकडे बघणारं माणूस आहे. तुमच्या हॉस्टेलात एवढं बघणारं कोण देणार आहात तिला? आणि मला?"

खात्याच्या बाईंनी फाइलमधल्या एका ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला काहीतरी लिहिलं. "मुलीला हलवत नाही. महिन्यानं येऊन बघेन, आईचे औषधाचे कागद मला दिसले पाहिजेत. आणि एकटीनं घर चालवणाऱ्या बायांना खात्याची मदत असते. वर्षानुवर्षं पडून असते. पण ती आईनंच मागावी लागते. मागितलीत कधी?"

"मागायची कशी असते?"

"तात्या," धाकटी म्हणाली, "ताई अजून आपल्या खुर्चीवरसुद्धा बसलेल्या नाहीत."

"बसवू की. पण खोकला बरा करून या आधी. खोकत खोकत सांगितलेलं मला ऐकू येत नाही."

"दवाखान्यात मी नंबर लावून ठेवतो," दीर एकदम म्हणाले. "दुकानासमोरच आहे. कंपाउंडर ओळखीचा आहे, त्याच्या कपाटाची किल्ली मीच केलीय." आणि कोणी आभार मानायच्या आत बाहेर पडले.

शिवणवाली मशीनकडे वळली. "एवढी शिवण संपवते, संध्याकाळी गिऱ्हाईक येईल. मग बघू डॉक्टरचं. आणि तुझ्याशीही बघायचंय मला, सही करणाऱ्या बाई. रागावलेय मी तुझ्यावर, समजलं?"

बिट्टीनं नाक पुसलं, मशीनखालच्या पायडलवर चढली आणि ते दोन्ही पायांनी घट्ट दाबून धरलं.

"रागाव. पण आधी डॉक्टर."

आईनं तिच्याकडे बघितलं, हातातलं कापड बघितलं आणि कापड खाली ठेवलं.

"बरं बाई," ती म्हणाली. "माझी दुसरी चप्पल कुठे आहे ते तरी शोध."